चोवीस मजली बाजरी

सकाळी सात वाजता पोकलेन सुरू होतं. आवाजाचं मला काही नाही, मुंबईच्या आसपास राहणाऱ्या माणसाला पोकलेनच्या खडखडाटातही झोप लागते. डोकं फिरलंय ते खड्ड्यातून निघणाऱ्या मातीनं. जांभळी आहे हो ती! मुरूम तांबडा, खाडीचा गाळ काळा, एवढं शाळेतलं पोरही सांगेल. जांभळी माती कुठल्या भूगोलात शिकवतात?

समोरच्या प्लॉटवर रंगद्रव्यांचा कारखाना होता. पंधराएक वर्षांपूर्वी टाळं लागलं, आता चोवीस मजली टॉवर येतोय. आमच्या तळमजल्यावरचे काका तिथे ऑपरेटर होते. गाळ कुठे टाकायचात, असं विचारलं तर म्हणाले, "मागच्या अंगाला खड्डा होता ना, त्यात." त्याच मागच्या अंगाला ब्रोशरमध्ये मुलांचं खेळायचं मैदान आणि रहिवाशांसाठी सेंद्रिय भाजीपाला दाखवलाय. सेंद्रिय! तसं खोटं नाही म्हणा, रंग बनवायला लागणारं ॲनिलीनही सेंद्रिय रसायनच.

तर मी बावळटासारखा विचारत सुटलो, ही जमीन कुणी तपासलीय का? पहिल्या कार्यालयात सांगितलं, आम्ही नकाशे बघतो, माती नाही. दुसऱ्यात म्हणाले, कारखाना बंद झाला, फाइलही बंद. म्हणजे कारखाना मेला की विषानंही सोबत सती जायचं! तिसऱ्या ठिकाणी पर्यावरण मंजुरीचा अहवाल दाखवला. मातीचा तक्ता होता त्यात, खोटं कशाला बोलू. सामू, नत्र, स्फुरद, पालाश. अरे, चोवीस मजल्यांवर बाजरी पेरायचीय का? शिसं, पारा, क्रोमियम यांचा एक रकाना नाही.

आणि तपासणी म्हणजे काही चंद्रावर जायचं नाहीये. आधी जुने कागद काढायचे: काय बनत होतं, टाक्या कुठे होत्या, सांडपाणी कुठून जायचं. काकांसारख्या चार जणांना विचारायचं. मग संशय येईल तिथे भोकं पाडून माती आणि भूजल प्रयोगशाळेत द्यायचं. बस. टॉवरच्या लॉबीतल्या संगमरवराएवढाही खर्च येणार नाही. पण बिल्डर तो कशाला करेल? काही सापडलं तर काम त्याचंच थांबणार. जुना मालक जमीन विकून मोकळा. उरलो आम्ही, बोअरवेलचं पाणी वापरणारे. म्हणून म्हणतोय, हा पैसा सरकारनं आधीच, पहिली कुदळ पडायच्या आत घालायला हवा.

अमेरिकेचे गोडवे गायची मला हौस नाही, त्यांनीही शेण खाल्लंच होतं. नायगाराजवळच्या लव्ह कॅनॉलची रासायनिक कचरा पुरलेली जमीन १९५३ मध्ये शाळा मंडळाला एका डॉलरला विकली, शाळा बांधली, शेजारी घरं उठली, आणि १९७८ मध्ये माणसं हलवायची पाळी आली. पण निदान पुढे शहाणे तरी झाले. १९८० मध्ये साफसफाईचा कायदा केला, आणि नव्वदच्या दशकापासून तिथली शहरं अशा पडीक कारखान्यांच्या नुसत्या तपासणीसाठीही केंद्राकडे अनुदान मागू शकतात. २०२१ च्या कायद्यात या कामासाठी दीड अब्ज डॉलर ठेवले.

आपल्याकडे भोपाळ होऊन गेलं, १९८४ ला. त्या कारखान्यातला ३३७ टन कचरा शहराबाहेर न्यायला २०२५ चा जानेवारी उजाडला. दूषित स्थळांचे नियम त्याच वर्षीच्या जुलैत आले. वाचायला झकास आहेत: जिल्हा प्रशासनानं दर सहा महिन्यांनी संशयित जागा कळवायच्या, प्रदूषण नियंत्रण मंडळानं ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, दोषी सापडला नाही तर साफसफाईचा खर्च सरकारनं उचलायचा. मी विचारलं, आमच्या भागाची यादी झालीय का? "वरून सूचना आलेल्या नाहीत." वरून! माती खालून निघतेय आणि सूचना वरून यायच्यात!

गिरण्यांच्या जमिनींवरून मुंबईत केवढं रण पेटलं होतं. एक तृतीयांश कुणाला, मोकळी जागा कशाला म्हणायचं, थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत. गिरण्यांच्या डाय हाऊसखालच्या, म्हणजे कापड रंगवायचे तिथल्या जमिनीत काय मुरलंय, यावर कुणी भांडल्याचं मला तरी आठवत नाही.

शेवटी म्हटलं, आपणच करू. सोसायटीच्या एजीएममध्ये ठराव मांडला: आपल्या बोअरवेलचं पाणी तपासून घ्यायचं, घरटी पाचशे रुपये. तीन हात वर झाले, त्यातला एक काकांचा. सेक्रेटरी म्हणाले, "कशाला उगाच? बातमी फुटली तर फ्लॅटचे भाव पडतील." त्याच सभेत गेटवर नवी कमान एकमतानं मंजूर, घरटी दोन हजार.

पुढच्या सभेतही मांडणार आहे. 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय', म्हणजे चहा-वडे आल्यावर. तोवर डंपर भरभरून ती जांभळी माती जातेय. कुठे जातेय, ते ड्रायव्हरला विचारलं. म्हणाला, "शाळेच्या मैदानाचा भराव आहे, साहेब."