मनीऑर्डरची पोचपावती: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

आजोबांवरच्या माझ्या लेखाबद्दल तुम्ही लिहिलंत, "वर्षातून दोनदा घरी येणारा माणूस कुटुंबवत्सल कसा? घर तुमच्या आजीने चालवलं. पैसे पाठवणं म्हणजे माया नव्हे." वाचून आधी राग आला, म्हणून चार दिवस थांबलो.

आजीबद्दल तुमचं म्हणणं खरं आहे. लेखात ती फक्त दोन ओळींत आली, आणि तो माझाच दोष. राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावात कवळ तोडून भाजावळ करणं (झाडांचा पाला-फांद्या तोडून त्या जाळून रोपांची जमीन भाजणं), तरवा म्हणजे भाताची रोपं काढणं, लावणी, गुरं, सासू-सासऱ्यांचं दुखणं, पाच मुलं, हे सगळं तिच्या एकटीच्या अंगावर होतं. आजोबा असायचे गणपतीत आणि शिमग्यात.

पण 'पैसे पाठवणं म्हणजे माया नव्हे' हे मला मान्य नाही.

आजोबा 1950 साली, अठराव्या वर्षी, मुसाकाजी बंदरातून आगबोटीने मुंबईत भाऊच्या धक्क्यावर उतरले. सुरुवातीची कित्येक वर्षं बदली कामगार. म्हणजे पाळीच्या वेळी कापडगिरणीच्या दारात उभं राहायचं. कोणी गैरहजर असला तर काम, नाहीतर परत. पुढे साचेखात्यात, म्हणजे मागांवर कापड विणायच्या खात्यात, कायम झाले. साच्यांच्या खडखडाटाने त्यांचे कान गेले ते तिथेच. राहायला डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीत गावकीची खोली. बीडीडीची खोली म्हणजे साधारण 160 चौरस फूट, आणि त्यात आमच्या गावचे वीस-बावीस जण. रातपाळीचा माणूस येऊन वळकटी पसरायचा तेव्हा पहिल्या पाळीचा उठून गेलेला असायचा. जेवण खानावळीत. बायको-मुलांना तिथे आणायचं म्हणजे कुठे आणायचं, हे तुम्हीच सांगा. वेगळ्या खोलीच्या पागडीचे पैसे त्यांच्याकडे कधीच जमले नाहीत, कारण पगार झाला की आधी पोस्टाची रांग.

मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली एक कुपन असायचं. त्यावर दोन-तीन ओळी मावत. चौथीपर्यंत शिकलेले आजोबा त्या स्वतः लिहीत आणि गावात पोस्टमन आजीला वाचून दाखवी. ती कुपनं माझ्याकडे आहेत. 'लावणीला पैरा कर, एकटी मरू नको.' (पैरा म्हणजे आळीपाळीने एकमेकांच्या शेतात राबणं.) 'धाकटीचा ताप उतरला का, लगेच कळव.' 'म्हस विकू नको, मी ओव्हरटाइम करतो.' मूळ लेखात मी यातली काही दिली होती. पत्ता, रक्कम आणि ही ओळ, एवढ्यातच त्यांना नवरा आणि बाप व्हायचं होतं. दुसरी जागा त्यांना मिळालीच नाही.

तुम्ही विचारलंत, मुलांना बाप कळला तरी का? खरं सांगतो, कळला नाही. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले, त्यांत आजोबाही. दोन-तीन महिने खानावळवालीने उधारीवर जेवू घातलं (गिरणगावात अशा बायकांनी किती संसार तगवले, त्यावर वेगळं लिहायला हवं), मग ते गावी आले. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा लावणीच्या चिखलात उभे राहिले. माझी धाकटी आत्या तेव्हा नऊ वर्षांची. गणपती नाही, शिमगा नाही, आणि बाबा घरात, याचं तिला भय वाटलं. आठवडाभर ती आजीच्या पदराआडून बाहेर आली नाही. हे आत्यानेच मला सांगितलं, आणि सांगताना ती रडली. लेखात मी हे गाळलं. गेलेल्या माणसाचं उणं कशाला, असं वाटलं. ते गाळायला नको होतं.

संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही आणि त्यांची गिरणीही त्यांना परत मिळाली नाही. पुन्हा मुंबई, दहा वर्षं एका इमारतीवर रात्रीची राखण, आणि 1992 मध्ये, साठीला, कायमचे घरी. त्यानंतरची एकतीस वर्षं ते गावातच होते. आजी अंथरुणाला खिळली तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या या माणसाने, आयुष्यभर खानावळीत जेवलेल्याने, पेज शिजवायला शिकून घेतली. तिचे केस ते विंचरायचे. हे मी पाहिलंय.

आणखी एक गोष्ट, जी तुमची प्रतिक्रिया आली नसती तर माझ्या ध्यानातच आली नसती. मनीऑर्डर पोचली की पैसे घेणाऱ्याच्या सहीची किंवा अंगठ्याची पोचपावती पाठवणाऱ्याकडे परत जायची. आजोबांच्या ट्रंकेत अशा पावत्यांचा गठ्ठा होता, सुतळीने बांधलेला. वरची तर 1953 ची, त्यांच्या लग्नाच्या वर्षाची. प्रत्येकीवर आजीचा निळा अंगठा. लिहिलेलं काहीच नाही, म्हणून लेख लिहिताना मी तो गठ्ठा बाजूला ठेवला आणि आजोबांच्या ओळी तेवढ्या उचलल्या. पण आजोबांनी मात्र त्यातली एकही फेकली नव्हती. दर महिन्याला तिच्याकडून त्यांच्यापर्यंत पोचत होता तो एवढाच, तिचा अंगठा.

काल रात्री गठ्ठा सोडला. लावणीच्या महिन्यातल्या काही पावत्यांवर अंगठ्याच्या रेषा नीट उठलेल्याच नाहीत, कातडी फाटलेली दिसते. त्यांचे फोटो काढून आज लेखात घालतोय, कुपनांच्या शेजारी.