‘टेम्प उडवा, व्हायरस पळवा’: फिरत्या मेसेजला उत्तर

महिन्याभरात तोच मेसेज मला तीन ग्रुपवर आला. एक सोसायटीचा, एक शाळेच्या बॅचचा आणि तिसरा मावशीच्या भजनी मंडळाचा. त्या तिसऱ्यात मी का आहे, हे मलाही ठाऊक नाही. मथळा असा: ‘काँप्युटरवाल्याला पैसे देऊ नका!’ आणि खाली सहा कलमं. कोपऱ्यात जाहिरात आली म्हणजे व्हायरस शिरला. टेम्प आणि प्रीफेच ही विंडोजची फोल्डरं रिकामी करा, व्हायरस जातो. नको असलेल्या सॉफ्टवेअरचं फोल्डर थेट डिलीट करा. रजिस्ट्री क्लीनर चालवा. एकाऐवजी दोन अँटिव्हायरस ठेवा. एवढ्यानं नाही भागलं तर फॉरमॅट मारा, ‘मुळापासून साफ’.

यातलं थोडं खरं आहे, म्हणून तर तो इतका फिरतोय. पण घरोघरी जाऊन हे निस्तरायचं काम माझ्याकडे येतं, तेव्हा एकेक कलम घेतोच.

‘कोपऱ्यात जाहिरात म्हणजे व्हायरस.’ बहुतेक वेळा नाही. मावशीच्या घरी काकांच्या लॅपटॉपवर उजवीकडे खालून दर पाच-सात मिनिटांनी एक चौकोन वर यायचा: ‘तुमच्या पीसीत 5 व्हायरस सापडले, आत्ता साफ करा.’ सोबत एका प्रसिद्ध अँटिव्हायरसचा लोगो. गंमत म्हणजे तो अँटिव्हायरस काकांनी कधी घेतलेलाच नव्हता. मी आधी त्या चौकोनातली बारीक अक्षरं वाचली. फिकट राखाडी रंगात क्रोमचं नाव आणि एका साइटचा पत्ता. म्हणजे ही साधी ब्राउझरची नोटिफिकेशन, बातम्यांच्या साइटची येते तशीच.

क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, तिथून साइट सेटिंग्ज, तिथून नोटिफिकेशन्स. परवानगी मिळालेल्या साइट 14. त्यातल्या दोन ओळखीच्या. बाकी बारांची नावं कीबोर्डवरून मांजर चालत गेल्यासारखी. काकांना विचारलं, “‘अलाऊ’ असं कुठे दाबलं होतं का?” म्हणाले, “अरे, मॅच बघताना ते विचारतात ना, तू रोबो नाहीस हे सिद्ध कर म्हणून. तेव्हा दाबतो की.”

बस, तिथेच सगळं झालं होतं. बारा साइट ब्लॉक केल्या आणि चौकोन थांबला. नुसतं रिमूव्ह न करता ब्लॉक करायचं, म्हणजे त्या साइटला पुन्हा परवानगी मागता येत नाही. याआधी काकांनी तीनदा पूर्ण स्कॅन केला होता आणि तिन्ही वेळा ‘काही सापडलं नाही’ असं उत्तर आलं होतं. ते उत्तर बरोबरच होतं, कारण डिस्कवर शोधण्यासारखी फाइलच नव्हती. होती ती काकांनी स्वतः दिलेली परवानगी.

याचाच थोरला भाऊ म्हणजे अख्खा स्क्रीन व्यापणारं निळं-लाल पान, भोंग्याचा आवाज आणि ‘या नंबरवर फोन करा’. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. एस्केपचं बटण थोडा वेळ दाबून धरा. नाहीच हललं तर टास्क मॅनेजर उघडून ब्राउझर बंद करा. फोन मात्र करू नका.

‘टेम्प आणि प्रीफेच रिकामं करा.’ टेम्प रिकामं करायला हरकत नाही. जागा मोकळी होते आणि वापरात असलेल्या फाइली विंडोज तशीही पुसू देत नाही. पण तिथे असतो तो इन्स्टॉल करताना उरलेला कचरा. जाहिराती दाखवणारं सॉफ्टवेअर सहसा दुसरीकडे बस्तान मांडून बसलेलं असतं. प्रीफेचची गोष्ट वेगळी. 2001 च्या विंडोज एक्सपीपासून हे फोल्डर आहे. कुठला प्रोग्रॅम सुरू होताना काय काय वाचतो, याच्या नोंदी विंडोज तिथे ठेवतं आणि जुन्या नोंदी स्वतःच काढून टाकतं. त्या पुसणं म्हणजे डब्यांवरच्या चिठ्ठ्या फाडून मग साखर शोधत बसणं. पुढच्या वेळी प्रोग्रॅम उघडायला उलट जास्त वेळ लागतो.

‘सॉफ्टवेअरचं फोल्डर थेट डिलीट करा.’ या कलमाचा मला खरा राग आहे. स्वतःला काढून टाकणारा अनइन्स्टॉलर बहुधा त्याच फोल्डरात असतो. फोल्डर गेलं की तोही गेला. मग यादीत नाव उरतं, ‘अनइन्स्टॉल’ दाबलं की एरर येते आणि बाहेर पसरलेले धागे तसेच राहतात.

आमच्या शेजाऱ्यांच्या पीसीवर दर तासाला ब्राउझर आपोआप उघडायचा आणि कुठल्या तरी कसिनोचं पान समोर यायचं. मूळ प्रोग्रॅमचं फोल्डर त्यांच्या मुलानं वर्षापूर्वीच उडवलं होतं. ठरलेल्या वेळी ठरलेलं काम करून घेणारा विंडोजचा टास्क शेड्यूलर उघडला, तर त्यात ‘अपडेट’ असं सोज्वळ नाव घेतलेली एक नोंद. तिच्या ॲक्शन्समध्ये एवढंच: ब्राउझर उघड, हा पत्ता दे. प्रोग्रॅम मेला होता, पण त्यानं मागे ठेवलेला हुकूम विंडोज इमानेइतबारे पाळत होतं. नोंद डिलीट केली, विषय संपला.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी सेटिंग्जमधली ॲप्सची यादी उघडून ती इन्स्टॉलच्या तारखेप्रमाणे लावा. त्रास ज्या दिवशी सुरू झाला, त्या दिवशी काय काय आलं ते बघा. हे पाहुणे सहसा एकटे येत नाहीत. तिथून रीतसर अनइन्स्टॉल करा, आणि करताना पडद्यावरची वाक्यं वाचा, कारण ‘नको’चं बटण मुद्दाम फिकट ठेवलेलं असतं. मग ब्राउझरचे एक्स्टेंशन्स, म्हणजे त्याला जोडलेली छोटी ॲप्स. मग डेस्कटॉपवरच्या ब्राउझरच्या आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, टार्गेट: तिथे शेवटी एखाद्या साइटचा पत्ता चिकटलेला असेल तर होमपेज का बदलत नव्हतं ते कळेल. शेवटी टास्क शेड्यूलर.

थोडी सवय असेल तर सिसइंटर्नल्स या संचातलं ऑटोरन्स हे साधन हे सगळं एकाच खिडकीत दाखवतं. सिसइंटर्नल्स 2006 पासून मायक्रोसॉफ्टकडेच आहे आणि साधन फुकट आहे. मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवायचा पर्याय आधी निवडा. ज्या नोंदीची फाइलच उरलेली नाही ती ओळ पिवळी दिसते. लगेच डिलीट करू नका. नोंदीसमोरची टिकची खूण तेवढी काढा, दोन दिवस बघा, मग नोंद डिलीट करा. घरच्या मशीनवर क्रोम ‘तुमची संस्था हे नियंत्रित करते’ अशा अर्थाचं सांगत असेल, तर कुणी तरी पॉलिसी, म्हणजे वरून लादलेला नियम, घालून एक्स्टेंशन पक्कं केलेलं असू शकतं. काही अँटिव्हायरसही असं करतात, म्हणून आधी ती पॉलिसी कोणाची ते तपासा. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर हात लावू नका, तिथे संस्था खरीच आहे.

हे येतं कुठून? बरंचसं दुसऱ्या फुकट सॉफ्टवेअरच्या पाठीवर बसून. अगदी नावाजलेल्या जागाही याला अपवाद नव्हत्या: 2015 मध्ये सोर्सफोर्ज या डाउनलोड साइटवरच्या गिम्प या फोटो एडिटरच्या विंडोज इन्स्टॉलरला जाहिरातींची जोड दिल्यावरून मोठा गदारोळ झाला होता. आपल्याकडे मी पाहिलेला हमखास दरवाजा म्हणजे ‘मराठी टायपिंग फ्री डाउनलोड’. त्याची गरजच नाही. विंडोज 10 मध्ये 2019 च्या मे अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आतच आहे. भाषेच्या सेटिंगमधून जोडला की काम झालं.

‘रजिस्ट्री क्लीनर चालवा.’ रजिस्ट्री म्हणजे विंडोज आणि सॉफ्टवेअरच्या सेटिंग्जची वही. तीत नोंदी लाखोंनी असतात. त्यातल्या पाचशे अनाथ नोंदी काढून मशीन पळायला लागत नाही. चुकीची एक काढली, तर मात्र चालतं सॉफ्टवेअर बंद पडू शकतं. अशा क्लीनरना आपला पाठिंबा नाही, असं मायक्रोसॉफ्टनंच जाहीर केलेलं आहे. आणि साफसफाईसाठी आणलेल्या माणसाच्या हातात आपण घराची किल्ली देतो, हे विसरू नका. 2017 मध्ये सीक्लीनर या साफसफाईच्या सॉफ्टवेअरची 5.33 ही आवृत्ती कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवरून, कंपनीच्याच डिजिटल सहीनिशी, आत घातक कोड घेऊन जवळजवळ महिनाभर वाटली जात होती. कंपनीच्याच आकड्यानुसार ती सुमारे 22.7 लाख मशीनवर पोचली. दोष वापरणाऱ्यांचा काहीच नव्हता.

मेसेजमध्ये क्लीनरची लिंकही दिली आहे. एका रिकाम्या जुन्या मशीनवर उघडून बघितली. पहिल्याच पानावर लिहिलं होतं: ‘पुढे जाण्यासाठी अलाऊ दाबा.’

साधन हवंच असेल तर नेमकं याच कामाचं घ्या. ॲडवक्लीनर हे जाहिरातींचं सॉफ्टवेअर काढणारं साधन 2016 पासून मालवेअरबाइट्स या सुरक्षा कंपनीकडे आहे. ते इन्स्टॉल करावं लागत नाही आणि काय काढणार त्याची यादी आधी दाखवतं. मात्र ते कंपनीच्या साइटवरूनच घ्या, कारण या नावाच्या नकलाही निघाल्या होत्या. भारत सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राकडेही 2017 पासून फुकट साधनं आहेत.

‘दोन अँटिव्हायरस ठेवा.’ दोन वॉचमन एकमेकांनाच अडवतात. दुसरा अँटिव्हायरस आला की विंडोजचा डिफेंडर सहसा स्वतःहून बाजूला होतो, पण बाहेरचे दोन एकत्र ठेवले तर मशीन रांगतं. त्यापेक्षा विंडोज सिक्युरिटीत ‘रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन’मध्ये नको असलेली ॲप्स अडवण्याचा पर्याय चालू आहे का ते बघा.

‘फॉरमॅट म्हणजे मुळापासून साफ.’ मूळ कुठे आहे यावर ते अवलंबून. 2014 च्या सप्टेंबरपासून काही महिने लेनोवोचे अनेक लॅपटॉप कारखान्यातूनच सुपरफिश नावाचं जाहिरातींचं सॉफ्टवेअर घेऊन आले. लॅपटॉपमध्येच ठेवलेल्या कंपनीच्या रिकव्हरी प्रतीतून फॉरमॅट केलं की ते पुन्हा हजर. त्याहून वाईट म्हणजे, नुसतं अनइन्स्टॉल केलं तरी त्यानं विंडोजमध्ये पेरलेलं सुरक्षा प्रमाणपत्र मागे राहायचं. बँकेची साइट खरी की खोटी, हे ब्राउझर अशा प्रमाणपत्रांवरूनच ताडतो. शिवाय सगळ्या लॅपटॉपवर तेच प्रमाणपत्र आणि तीच गुप्त किल्ली. 2015 च्या फेब्रुवारीत हे बाहेर आल्यावर ती किल्ली थोड्याच वेळात फोडली गेली. शेवटी प्रमाणपत्रासकट ते काढणारं साधन लेनोवोला द्यावं लागलं. पोटातला उरलासुरला भाग असा असतो: जाहिरात दिसत नाही, पण दार उघडंच.

आता रोजच्या वापरातलं. काकांनी मागच्या वर्षी दुकानातून पैसे मोजून दोनदा फॉरमॅट करून घेतलं होतं. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी सर्च केलं की तेच अनोळखी सर्च पान. दुकानदार म्हणाला, “हार्ड डिस्क बदला.” डिस्कचा काही संबंधच नव्हता. काका घरी येऊन क्रोममध्ये साइन इन करायचे आणि सिंक, म्हणजे एका खात्याची सगळी मशीन सारखी ठेवणारी सोय, मुकाट्यानं जुनं एक्स्टेंशन परत आणायची. कूपन शोधून देणारं होतं ते, कधी तरी मावशीनं टाकलेलं.

मी ते काढलं, अर्ध्या तासात पुन्हा उगवलं. मग लक्षात आलं की हेच खातं काकांच्या मुलीच्या, म्हणजे ताईच्या, लॅपटॉपवरही उघडं आहे, नाशिकला. तिला फोन लावला, इकडचं सिंक बंद ठेवलं, तिच्याकडचं एक्स्टेंशन तिला काढायला लावलं, मग इथलं काढलं आणि सिंक पुन्हा चालू केलं. ताई फोनवर म्हणाली, “मला वाटलं ते कूपनचं बाबांनीच मुद्दाम ठेवलंय, म्हणून मी हात लावला नाही.”