नाँतयला 'नकलाकार' म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

नमस्कार. सतराव्या शतकातला फ्रेंच एनग्रेव्हर (तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरून त्याचे छाप काढणारा) रॉबेर नाँतय याच्यावरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: "हे सगळे चित्रकारांची नक्कल उतरवून दरबाऱ्यांची खुशामत करणारे कारागीर. त्यांना कलावंत म्हणणं हास्यास्पद आहे. लेख लांबलाय, चित्रंही धड दिसत नाहीत."

मतभेदाला माझी ना नाही. पण 'हास्यास्पद' हा शब्द ज्या तोऱ्यात आलाय तो खटकला. लेख शेवटपर्यंत वाचलेला माणूस असं लिहिणार नाही. चित्रं लहान आहेत हे मान्य, मोठी टाकतो.

आता नक्कल. त्या काळातले बरेच एनग्रेव्हर दुसऱ्याच्या चित्रावरून काम करत, हे मी लेखातच सांगितलंय. नाँतयनेही १६५७ मध्ये पोंपॉन द बेलिएव्र या न्यायाधीशाचं व्यक्तिचित्र चित्रकार शार्ल ल ब्रंच्या चित्रावरून कोरलं. पण त्याच्या दोनशेहून अधिक व्यक्तिचित्रांतली कितीतरी त्याने माणूस समोर बसवून आधी स्वतः रेखाटली, पुष्कळदा पेस्टलमध्ये, आणि मग तांब्यावर नेली. खुद्द चौदावा लुई त्याच्यापुढे बसला होता. यात नक्कल कुणाची?

आणि मूळ चित्र दुसऱ्याचं असलं तरी काय? मी कलाशाळेत तांब्याच्या पत्र्यावर ब्युरिन, म्हणजे कोरायचं टोकदार पोलादी हत्यार, चालवलाय. तो तळहाताने पुढे रेटायचा आणि वळण आलं की पत्रा फिरवायचा. खोल गेलात तर रेष जाड, उथळ राहिलात तर केसासारखी. छाप आरशासारखा उमटतो, म्हणून सगळं उलटं कोरायचं. चुकलं की खरवडा, घासा, मागून ठोकून पत्रा वर आणा. एका गालाची गोलाई आणताना मनगट भरून यायचं. नाँतय तोच गाल बारीक ठिपक्यांनी आणि तोकड्या रेघांनी उभा करतो, की कातडीखालचं हाड जाणवतं. भिंग धरून बघा, मग नक्कल म्हणा.

'कारागीर' म्हणाल, तर १६६० मध्ये सँ-जाँ-द-लूझच्या राजाज्ञेने फ्रान्समध्ये एनग्रेव्हिंगला मुक्त कलेचा, म्हणजे कारागिरीहून वरचा, दर्जा देऊन गिल्डच्या (कारागीर संघाच्या) बंधनांतून सोडवलं. एवढं तरी लिहिण्याआधी पाहायचं होतंत.

खुशामतीचं म्हणाल, तर पैसे देणाऱ्याचं चित्र काढणं ही खुशामत असेल, तर स्पेनच्या राजाचा दरबारी चित्रकार व्हेलास्केझलाही त्यात घाला. त्यावर जास्त लिहीत नाही. लेख लांब वाटत असेल तर सक्ती नाही.

पुढचा लेख त्याच काळातल्या क्लोद मेलाँ या फ्रेंच एनग्रेव्हरवर आहे. १६४९ मध्ये त्याने ख्रिस्ताचा अख्खा चेहरा नाकाच्या शेंड्यापासून निघणाऱ्या एकाच चक्राकार रेषेत कोरला. त्याखालीही जरूर लिहा, पण आधी लेख वाचा.