‘ला’वर बसू नये

इटालियन क्रियापदांशी माझं वैर आहे ते काळामुळे नाही, जोरामुळे. जोर शेवटच्या अक्षरावर असेल तरच ही भाषा आघातचिन्ह देते. मध्ये असेल तर तुमचं तुम्ही बघून घ्या. (इथे जोराच्या जागी मी ऽ टाकलाय. इटलीत एवढाही लाड नाही.)

अक्षरं तोडणं त्यामानाने सरळ. जोडव्यंजन दुहेरी असलं की मधोमध तुटतं, लेग्-गो. ‘स्क’ मात्र अखंड पुढे जातो, को-नो-स्को.

खरी गोची ‘पार्लानो’त, म्हणजे ‘ते बोलतात’. ‘ला’चा काना दिसला की मराठी जीभ तिथे सतरंजी अंथरून बसते. पण तो ‘आ’ आखूड आहे. देवनागरीत आखूड ‘आ’ लिहायची सोय नाही, एवढंच. म्हणायचं पाऽर्लानो. वर्तमानकाळात ‘मी’च्या रूपात जिथे जोर, तिथेच तू, तो आणि ते यांच्या रूपांत. आऽबितो (मी राहतो), आऽबितानो (ते राहतात): शेवटून चौथं अक्षर! ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ आले की जोर प्रत्ययावर सरकतो: आबित्याऽमो, आबिताऽते.

शब्दकोशातलं मूळ रूप मदतीला येत नाही. पार्लाऽरे, आबिताऽरे, सगळे ‘-आरे’ एका सुरात. म्हणून क्रियापद पाठ करताना ‘मी’चं रूप बरोबर घ्यावं: तेलेफोनाऽरे–तेलेऽफोनो, मग ‘ते’साठी तेलेऽफोनानो आपोआप जमतं. ‘-एरे’वाले तर मूळ रूपातच फितूर. वेदेऽरे (पाहणे), पण प्रेऽन्देरे (घेणे) आणि लेऽज्जेरे (वाचणे). हे भांडण लॅटिनमधलं. तिथे एका गटातला ‘ए’ दीर्घ होता, दुसऱ्यातला ऱ्हस्व. इटालियनने तो भेद टाकून दिला आणि जोराची थकबाकी आपल्या गळ्यात मारली.

चूक महागात पडते ती ‘कापितो’त. कापीऽतो म्हणजे समजलं, काऽपितो म्हणजे मी येऊन टपकतो, आणि कापितोऽ म्हणजे घडलं. चिन्ह फक्त तिसऱ्यावर. शिक्षकाने ‘कळलं का?’ विचारल्यावर ‘टपकतो’ असं उत्तर देणारे विद्यार्थी कमी नसावेत.

आज्ञार्थामागे सर्वनामं चिकटली तरी जोर हलत नाही: फाऽब्ब्रिकामेलो, ‘मला ते बनवून दे’. पहिल्या अक्षरावर जोर द्यायचा आणि उरलेली चार न थबकता, एका दमात उरकायची. मध्ये श्वास घेतलात की जीभ ‘का’वर जाऊन बसलीच.