बाण दोन्हीकडे

"आई, आपण लंडनमध्ये राहतो का?" गृहपाठाचा कागद पुढे सरकवत लेकीने विचारलं. आम्ही राहतो रेडिंगला, लंडनच्या पश्चिमेला साधारण ६० किलोमीटरवर. मी "नाही" म्हटलं, तर लगेच, "मग सगळ्यांना लंडन का सांगतेस?"

मी आजीवर गेलेय. डोंबिवलीची आजी कोकणात गेली की "आम्ही मुंबईचे", आणि दादरला निघाली की "जरा मुंबईला जाऊन येते".

कागदावर मधोमध मोठं वर्तुळ म्हणजे शहर, भोवती ठिपके म्हणजे आसपासची गावं, ठिपक्यांकडून वर्तुळाकडे बाण. माणसं सकाळी ट्रेनने जातात, संध्याकाळी परततात, झालं! मी म्हटलं, आता पाणी काढ. लंडन पितं ते बरंचसं थेम्सचं, आणि थेम्स आधी आपल्या गावाला लागते. मग मुंबईही काढली. भातसा, तानसा ही धरणं ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यात. तिथून पाणी मुंबईला. "म्हणजे शहापूरला खूप पाणी?" उन्हाळ्यात तिथल्या पाड्यांवर टँकर जातात, हे सांगताना मीच अडखळले. तिने तो बाण लाल केला.

इकडे घरच्या ग्रुपवर त्याच आठवड्यात जुंपलेली. दादरचे मामा म्हणतात, बाहेरच्यांनी लोकल भरली. बाहेरचे कोण, मामा? १८५३ साली पहिली गाडी सुटली तीच बोरीबंदरहून ठाण्याला. दादाचं वेगळंच: एमएमआरडीए, म्हणजे मुंबई महानगर प्रदेशाचं विकास प्राधिकरण, १९७५पासून आहे, तरी मुंबई परिसरात ९ महापालिका आपापलं बघतात, लंडनसारखा एकच कारभार करा.

लंडनमध्येही ३२ बरो, म्हणजे आपापला कारभार बघणारे विभाग, आहेत रे, शिवाय जुनी 'सिटी' वेगळीच. हां, बस २००० सालापासून आणि मेट्रो २००३पासून एकाच संस्थेकडे आहे, त्याचा मात्र मला आपल्यासाठी खरंच हेवा वाटतो. पण मी ज्या एलिझाबेथ लाइनच्या ट्रेनने कामाला जाते तिचा कारभार लंडनच्या महापौरांकडे, आणि त्यांना निवडताना मला मत नाही. लंडनचं प्रवासाचं ऑयस्टर कार्डसुद्धा रेडिंगला चालत नाही, बँकेचं कार्ड टेकवावं लागतं. एक कारभार जरूर करा, पण ठरवायला बसाल तेव्हा शहापूरवाल्यांनाही खुर्ची द्या. नाहीतर तिकीट एक होईल आणि टँकर तसाच येत राहील.

चित्राचा फोटो ग्रुपवर टाकला. मामा गप्प. आजीचा तेवढा मेसेज आला: "डोंबिवलीचा ठिपका एवढुसाच?"