‘नाही’ म्हटल्याने मेंदूला विष चढत नाही

आमच्या नात्यातल्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एक फॉरवर्ड फिरत आला. त्यातला मजकूर थोडक्यात असा: ‘नाही’ हा शब्द स्कॅनरमध्ये सेकंदभर जरी दाखवला, तरी मेंदूत तणावाची डझनावारी रसायनं सुटताना दिसतात. नकारात्मक शब्द मेंदूला इजा करतात. एका वाईट शब्दाचा परिणाम पुसायला तीन चांगले शब्द लागतात. अंतर्मनाला ‘नको’ कळतच नाही. म्हणून घरात नकारात्मक शब्द बंद करा आणि रोज सकाळी आरशासमोर स्वतःबद्दल चांगलं बोला. खाली हात जोडलेले चार इमोजी.

मी हे सोडून दिलं असतं. पण रात्री भाचीचा वेगळा मेसेज आला. तिचा मुलगा दोन वर्षांचा आहे. “मावशी, मी दिवसातून शंभरदा ‘नको’ म्हणते गं त्याला. खरंच काही होत असेल का?” तेव्हा मात्र राग आला. हे उत्तर तिच्यासाठी लिहायला घेतलं आणि लांबलं.

स्कॅनरपासून सुरू करते, कारण सगळा रुबाब त्याचाच आहे. असल्या प्रयोगांतला स्कॅनर म्हणजे एफएमआरआय, मेंदूचा कोणता भाग कामाला लागलाय ते टिपणारं यंत्र. त्याला हार्मोन दिसतच नाहीत. त्याला कळतो तो रक्तातल्या ऑक्सिजनचा फरक. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिकडे रक्त जास्त धावतं, आणि ऑक्सिजन असलेलं व नसलेलं रक्त चुंबकीय क्षेत्रात वेगळं वागतं. सेइजी ओगावा यांनी १९९० साली हे दाखवून दिलं आणि पुढची सगळी रंगीत चित्रं त्यावर उभी राहिली. हा सिग्नलही निवांत असतो, शब्द दाखवल्यावर शिगेला जायला त्याला पाचेक सेकंद लागतात. तणावाचं हार्मोन म्हणजे कॉर्टिसॉल मोजायचं, तर लाळेचा नाहीतर रक्ताचा नमुना घ्यावा लागतो, आणि ताणाच्या प्रसंगानंतर त्याची पातळी चढायला वीस-तीस मिनिटं जातात. स्कॅनरमध्ये सेकंदात हार्मोन सुटताना दिसले, हे म्हणजे वजनकाट्यावर ताप दिसला म्हणण्यासारखं आहे.

‘नो’ आणि ‘येस’ची तुलना खरोखर झालेली आहे, हे मान्य. अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी ती २००७ साली प्रसिद्ध केली. लोकांना हे दोन शब्द ठासून उच्चारून ऐकवले. डोळ्यांच्या वरच्या बाजूला असलेल्या ऑर्बिटोफ्रंटल भागात दोन शब्दांना वेगवेगळा प्रतिसाद आला, आणि ‘नो’ला प्रतिसाद द्यायला किंचित जास्त वेळ लागला. एवढंच. ज्यांना रंगीत ठिपके बघून गहिवर येतो त्यांनी क्रेग बेनेट यांचा मासा आठवावा. त्यांनी २००९ साली मेलेला सामन मासा स्कॅनरमध्ये ठेवला, त्याला माणसांचे फोटो ‘दाखवले’, आणि आकडेमोडीतली एक आवश्यक दुरुस्ती गाळली तर त्याच्याही मेंदूत ‘हालचाल’ निघते हे दाखवलं. त्याबद्दल त्यांना २०१२ चा इग नोबेल मिळाला, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचा पुरस्कार.

आता इजेचा मुद्दा. इथे मला जास्त वेळ घालवायचा आहे, कारण या दाव्यातलं अर्धं खरं आहे आणि त्या अर्ध्यावरच उरलेलं खपतं.

भावना चिकटलेले शब्द लक्ष खेचतात, यात वाद नाही. शब्द वेगवेगळ्या रंगांत छापायचे आणि माणसाला सांगायचं, शब्द वाचू नकोस, फक्त रंग सांग. रंगांची नावं भलत्याच रंगाच्या शाईत छापून शाईचा रंग विचारणाऱ्या जॉन रिडली स्ट्रूप यांच्या १९३५ च्या प्रयोगाचं हे भावंड. कोळ्याची भीती असलेल्या माणसासमोर ‘जाळं’ किंवा ‘केसाळ’ असा शब्द आला की रंग सांगताना तो अडखळतो. फार नाही, सेकंदाच्या काही शतांशांइतका. पण १९८६ साली असे प्रयोग करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली: भीतीवर उपचार केल्यावर तेच शब्द तितके आडवे येईनात. शब्द तोच, शाई तीच, बदलला तो माणूस. विष शब्दात असतं, तर उपचारानंतरही ते तिथेच असायला हवं होतं.

या अडखळण्यातही पाणी मिसळलेलं होतं. २००६ मध्ये तीन संशोधकांनी जुन्या प्रयोगांतल्या शब्दांच्या याद्या तपासल्या. नकारात्मक शब्द सरासरीने लांब आणि कमी वापरातले निघाले. मराठीत ‘पाट’ आणि ‘हृदयविकार’ यांची शर्यत लावा, दुसरा मागे पडणारच. त्याचं सगळं खापर भीतीवर कसं फोडणार?

डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूतली विजेची हालचाल टिपणाऱ्या ईईजीतून तर फॉरवर्डवाल्यांची आणखी पंचाईत होते. जर्मनीतल्या कोन्स्टान्झ विद्यापीठात योहाना किस्लर आणि सहकाऱ्यांनी लोकांना नुसते शब्द वाचायला दिले. २००७ साली आलेल्या या अभ्यासात, शब्द दिसल्यापासून साधारण पाव सेकंदात डोक्याच्या मागच्या भागातला प्रतिसाद भावनिक शब्दांना वाढलेला दिसला. पण तो वाईट शब्दांना जसा वाढला तसा चांगल्या शब्दांनाही वाढला. अमिग्डाला हा भाग लोक ‘भीतीचं केंद्र’ म्हणून सांगतात. २००२ मधल्या एका एफएमआरआय अभ्यासात तोही सुखद आणि दुःखद, दोन्ही शब्दांना जागा झाला. म्हणजे मेंदू इथे म्हणतोय, ‘हे महत्त्वाचं दिसतंय, बघू या.’ दाराची बेल वाजली आणि आपण मान वळवली, तर बेलने आपल्याला मारलं असं आपण म्हणत नाही.

याच जातीचं आणखी एक. शब्दांचा झपाझप ओघ चालला असताना आधी एक शब्द टिपला, तर लगेच मागून येणारा शब्द आपल्या हातून निसटतो. अँडरसन आणि फेल्प्स यांनी २००१ साली दाखवलं की तो मागचा शब्द भावनिक असेल तर कमी निसटतो, आणि डाव्या अमिग्डालाला इजा झालेल्या रुग्णांना हा फायदा मिळत नाही. म्हणजे धडधाकट मेंदूची ही खूण आहे, आणि फॉरवर्ड तिलाच जखम म्हणतो.

आणि शब्दाचा भाव कोण ठरवतो? कोकणात ‘काय रे मेल्या’ म्हणून हाक आली की माणूस खूश होऊन वळतो. शब्दशः पाहिलं तर ते मरण आहे. उलट रात्री सापाला ‘साप’ न म्हणता ‘लांबडं’ म्हणायचं, दुकान बंद न करता ‘वाढवायचं’, निघताना ‘जातो’ऐवजी ‘येतो’ म्हणायचं. शब्दाला धार असते हे आपल्या आज्यांना कुणी स्कॅनरवर दाखवलं नव्हतं. पण गंमत बघा, बांगडी ‘वाढवली’ हे ऐकताना आता त्या ‘वाढवली’नेच काळजात चर्र होतं. टाळलेला अर्थ नव्या शब्दात मुक्कामाला येतो. म्हणून ‘नाही’ वर बंदी घातलीत, तर चार महिन्यांत मूल तुमच्या ‘बघू हं’ ला दचकायला लागेल.

भाषाही मोजावी लागते. बोस्टनच्या कॅथरीन हॅरिस आणि सहकाऱ्यांनी तुर्की मातृभाषा असलेल्या, पुढे इंग्रजी शिकलेल्या लोकांच्या बोटांच्या टोकांची घामाने बदलणारी विद्युतवाहकता मोजली. शिव्या आणि लहानपणचं रागावणं तुर्कीत ऐकताना प्रतिसाद जास्त होता. इंग्रजीत तेच बोल फिके पडले, रागावण्याचे तर विशेषच. हा अभ्यास २००३ चा. पुण्यात वाढून आता कॅलिफोर्नियात राहणाऱ्याला ‘शेम ऑन यू’ आणि ‘लाज नाही वाटत?’ यांतलं अंतर समजावून सांगावं लागणार नाही.

तीनास एक हे प्रमाण कुठून आलं ते ठाऊक आहे. बार्बरा फ्रेड्रिक्सन आणि मार्सिअल लोसाडा यांनी २००५ साली एका नकारात्मक भावनेमागे किमान २.९०१३ सकारात्मक भावना हव्यात असा आकडा मांडला. चार दशांश स्थळांपर्यंत माणसाचं सुख! निक ब्राउन, अॅलन सोकल आणि हॅरिस फ्रीडमन यांनी २०१३ मध्ये त्यामागच्या गणिताच्या चिंध्या केल्या आणि मूळ लेख छापणाऱ्या नियतकालिकानेच तो गणिती भाग मागे घेतल्याची दुरुस्ती छापली. फॉरवर्डला दुरुस्ती चिकटत नाही, ही वेगळी गोष्ट.

‘अंतर्मनाला नको कळत नाही’ या वाक्याला व्यासपीठावर हमखास टाळी मिळते. आधार म्हणून डॅनिएल वेग्नर यांचं १९८७ चं पांढरं अस्वल दाखवतात: त्याचा विचार करू नका म्हटलं की तोच येतो. पण तो प्रयोग विचार दाबण्याबद्दल आहे, नकार समजण्याबद्दल नाही. नकार समजायला कधीकधी क्षणभर जास्त लागतो हे खरं, पण २००८ च्या एका ईईजी अभ्यासात संदर्भ स्वाभाविक असेल तर मेंदूने नकार वाचता वाचताच हिशेबात धरलेला दिसला. आणि ‘नको’ कळत नसेल, तर भाचीचा मुलगा दिवसातून शंभरदा तो शब्द योग्य जागी कसा वापरतो?

आरशासमोरच्या वाक्यांबद्दल एकच सांगते. जोअॅन वुड आणि सहकाऱ्यांनी २००९ साली लोकांना ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ असं घोकायला लावलं. ज्यांना स्वतःबद्दल आधीच कमी वाटत होतं, त्यांना ते घोकून आणखी वाईट वाटलं. ज्यांच्यासाठी औषध, त्यांनाच ते बाधलं.

एक गोष्ट मात्र मी कमी लेखणार नाही. आईवडिलांकडून वर्षानुवर्षं अपमान, शिव्याशाप सोसलेल्या मुलांचा अभ्यास मार्टिन टायचर आणि सहकाऱ्यांनी हार्वर्डशी संलग्न मॅक्लीन रुग्णालयात केला आहे, आणि मोठेपणी त्यांच्या मेंदूरचनेत फरक आढळले आहेत. हे अभ्यास सहसंबंध दाखवतात; काय कशामुळे झालं हे त्यांतून ठरत नाही. पण तिथे प्रश्न एका शब्दाचा नसतोच. तो शब्द कोण, कोणत्या स्वरात, किती वर्षं बोलत राहिलं, याचा असतो. गॅसकडे धावणाऱ्या पोराला घातलेल्या हाकेला त्या रांगेत उभं करणं म्हणजे ज्यांनी ते खरंच सोसलं त्यांची थट्टा आहे.

भाचीला मी एवढंच कळवलं: गॅसजवळ ‘नको’च म्हण, मोठ्याने म्हण. आणि ग्रुपवर तो फॉरवर्ड कुणी टाकला होता ते मला सांग, त्यांना हे सगळं पाठवते.