सांधा दुखतो म्हणून घोडी नाकारावी का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. प्रतिक्रिया सविस्तर दिलीत, म्हणून उत्तरही जरा लांबतंय. मुलीसाठी घोडी घेऊ पाहणाऱ्या एका गृहस्थांना मी सल्ला दिला होता, त्यावर तुमचं म्हणणं असं, की सांध्याचं दुखणं माहीत असलेली घोडी ‘बघायला हरकत नाही’ असं लिहून मी नवख्या माणसाच्या गळ्यात लंगडं जनावर मारतोय, आणि ते जनावर जन्मभर वेदनाशामकांवर चालणार.

वेदनाशामकांबद्दल वादच नाही. कामावर काढायला रोज फिनाइलब्युटाझोनसारखं वेदनाशामक लागत असेल, तर ती घोडी फुकटातही घेऊ नये. पण तुम्ही सगळे सांधे एकाच दावणीला बांधलेत. या ९ वर्षांच्या घोडीचं दुखणं हॉकमधल्या (म्हणजे मागच्या पायाच्या घोट्यातल्या) खालच्या दोन सांध्यांत असल्याचं विकणाराच सांगतो. तिथली घडी जवळजवळ सगळी वरच्या सांध्यात होते. खालचे दोन मुळातच जेमतेम हलतात. त्यांच्यात झीज झाली तर हाडं हळूहळू जुळून येऊ शकतात आणि मग दुखणं बरंच ओसरतं. दर वेळी असं होतंच असं नाही, कधी त्यात वर्षं जातात. हेच वरच्या सांध्यात किंवा पुढच्या पायाच्या खुरात असतं, तर मीही ‘नको’ म्हटलं असतं. घोड्याचं ५५ ते ६० टक्के वजन पुढच्याच पायांवर असतं.

शिवाय काम कोणतं ते बघा. त्या गृहस्थांच्या मुलीला शेतातल्या मऊ वाटेवर साधी चाल आणि थोडी दुडकी हवी आहे. उड्या नाहीत, शर्यत नाही. असं हलकं रोजचं फिरणं या दुखण्याला ठाणबंद राहण्यापेक्षा मानवतं. हीच घोडी सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोडेबाजारात नाचकामासाठी विकली गेली तर? मागच्या दोन पायांवर उभं करायचं, म्हणजे सगळा भार त्याच हॉकवर, आणि वर लग्नसराईतलं डांबर. तुमचा राग तिथे काढा, मी सोबत आहे.

तपासणीबद्दल मात्र तुमची धास्ती रास्त आहे. या दुखण्यात घोडा सुरुवातीला आखडतो आणि अंग गरम झालं की मोकळा चालतो. विकणारा आपण पोचायच्या आधी दोन फेऱ्या मारून आणतो, तो उगाच नाही. म्हणून न कळवता जायचं, घोडी ठाणावरून सुटतानाच बघायची, आणि तीही कडक जमिनीवर. वाळूत पुष्कळ काही लपतं. डॉक्टरांनी मागचा पाय मिनिटभर दुमडून धरायचा आणि सोडल्यासोडल्या दुडकी पळवायची. दोन्ही हॉकचे एक्स-रे काढायचे, आणि वेदनाशामक टोचलंय का हे कळायला त्याच वेळी रक्ताचा नमुना घ्यायचा. (आपल्याकडे लोक तासभर भोवरे आणि देवमण अशा केसांतल्या शुभ-अशुभ खुणा बघतील, पण मागचा पाय उचलणार नाहीत!) नुसत्या एक्स-रेवरही जाऊ नये. चित्र भयंकर असलेले काही घोडे छान चालतात, किरकोळ दिसणारे लंगडतात.

किंमत कमी, हे कारण मी कुठेच दिलेलं नाही. घेताना स्वस्त पडली तरी पुढे हे आहेच: सांध्यातली इंजेक्शनं, नालबंदाकडची वेगळी नालं, पुढे विकायला काढली तर गिऱ्हाईक नाही, आणि खाणं निरोगी घोडीइतकंच. घोडा सहज पंचवीस वर्षं जगतो. स्वारी बंद झाली तरी तिला शेतावर नुसती सांभाळायची तयारी असेल तरच घ्या, असं मी त्यांना स्पष्ट सांगितलं. त्यांनी होकार दिला आहे. एक्स-रे अजून व्हायचे आहेत. वरच्या सांध्यात काही निघालं, तर सौदा मोडा असंच मी त्यांना सांगेन.